बंबाला पाणी पाजायची पाळी

आमच्या गावच्या बंबखान्याची गोष्ट निघाली की पुरुषमंडळी घंटेपासून सुरुवात करतात. घंटा कसली, रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा, बंबखान्याच्या आढ्याला साखळीनं टांगलेला. तो हातोड्यानं बडवला की सगळ्या गावाला ऐकू जायचा. मग ते पितळी घुमटाचं सांगतात, आठ जण दांडे कसे मारायचे ते सांगतात, पाण्याची धार निंबाच्या शेंड्यावरून कशी पलीकडे जायची ते हात उंच करकरून सांगतात. पण त्या आगीच्या बंबाला रोज पाणी पाजावं लागायचं, हे एकाच्याही तोंडून निघत नाही. ते काम बायकांचं होतं ना! म्हणून ते मी सांगते. ते सांगताना माझंही काही बाहेर पडेल. पडू दे. ऐकून रागावणारं आता कोणी उरलेलं नाही.

बंब यायच्या आधी आमच्या सासऱ्यांच्या ताब्यात आगीचं सामान होतं. लांब वेळूंना बसवलेले लोखंडी आकडे, जळतं छप्पर ओढून खाली पाडायला. दोन शिड्या, चार कुऱ्हाडी, भिजवून आगीवर टाकायची जुनी पोती आणि खुंट्यांवर ओळीनं टांगलेल्या चामड्याच्या बादल्या. उंदीर बादल्यांचे काठ कुरतडायचे, म्हणून सासरे त्यांना कडू तेल चोळून ठेवत. त्या वासानं मला लग्नानंतर पहिल्या आठवड्यात जेवण गेलं नाही. आमचं बिऱ्हाड त्या सामानाच्या कोठीमागेच, दोन खोल्या आणि सामायिक अंगण. घरची थोडी शेती दुसऱ्यानं कसायची आणि आमच्या घरातले पुरुष मुनसिपालटीत नोकरी करायचे. सासरे गेल्यावर ती नोकरी माझ्या मालकांकडे आली आणि मग धाकट्या दिरांकडेही.

मी लोणखेड्याची. वरातीच्या बैलगाडीतून तापी ओलांडून आले, नदीच्या वाळूत चाक रुतलं तेव्हा वऱ्हाड्यांनी मला खाली उतरवून चालवलं. धाकटी जाऊ खांडबाऱ्याची, तिचे वडील तिथल्या स्टेशनवर सांधेवाले. ती आली आगगाडीनं! स्टेशनवर सगळा गाव जमला होता, आणि नवरी गाडीच्या दारात उभी, डोक्यावर पदर, हातात शिदोरीचा डबा. मी ओवाळायला पुढे झाले खरी, पण त्या पहिल्याच दिवशी माझ्या मनात आलं, हिला वाळूत चालावं लागलं नाही. एवढंसं होतं, पण ते मनातून गेलं नाही. मला तेव्हा दोन मुली होत्या आणि मुलगा नव्हता. तिला पुढे कितीतरी वर्षं मूलच झालं नाही. तरी हेवा मीच करायचे तिचा, ती माझा नाही. असं का, ते मला त्या वेळी कोणी विचारलं असतं तर मी भांडायला उठले असते.

बंब आला तो दुसरी लढाई सुरू व्हायच्या दोन-चार वर्षं आधी. गावात कापसातली सरकी काढायची जिनं उभी राहिली होती, कापसाच्या गासड्यांचे ढीग लागायचे, आणि पेढीवाल्यांना आकड्या-बादल्यांचा भरवसा वाटेना. तेव्हा मुनसिपालटीनं सुरतेकडून एक जुना बंब घेतला. मालगाडीच्या उघड्या डब्यातून ताडपत्रीखाली झाकून तो आला. चार चाकं, अंगाला लाल रंग, मधे पाण्याची टाकी, टाकीत दोन नळकांडी, वर पितळेचा घुमट आणि दोन्ही बाजूंना लांब दांडे. एका बाजूचा दांडा खाली गेला की दुसऱ्या बाजूचा वर यायचा. वाजंत्री लावून तो गावात ओढत आणला. बायकांनी त्याच्या चाकांवर पाणी ओतलं, कुंकू लावलं, नारळ फोडला. ओवाळणाऱ्यांत मीच पुढे होते, कारण तो आमच्याच कोठीत राहायला येत होता. त्या दिवसापासून कोठीचा बंबखाना झाला.

पहिल्या चाचणीला ओव्हरसियरसाहेब आले होते. त्यांनी किंतानाची नळी बंबाला जोडायला लावली आणि तिच्या टोकाची पितळी तोटी जो जवळ उभा होता त्याच्या हातात दिली. जवळ उभे होते धाकटे दीर. माझे मालक रुंद खांद्यांचे, म्हणून त्यांना सांगितलं, तू दांड्यावर जा. बस, एवढ्यावर ठरलं. कोण वडील, कोण धाकटा, कोणी पाहिलं नाही. आठ जणांनी दम लावला, नळी फुगली आणि धार सुटली ती निंबावर बसलेल्या कावळ्यांना उडवून गेली. लोकांनी दिरांच्या नावानं ओरडून ओरडून गाव डोक्यावर घेतलं. दांडे मारणारे आठ जण वाकलेले होते, त्यांची तोंडंही कुणाला दिसली नाहीत.

मग एक रीत पडली. कुणी पाडली देव जाणे, पण पडली. ज्या घराची आग विझायची, त्या घरची बाई पाचव्या दिवशी तोटीवाल्याच्या बायकोला बोलावून तिची ओटी भरायची. खण, नारळ, पसाभर गहू. पाणी त्याच्या हातून आलं, म्हणून मान त्याच्या घरच्या लक्ष्मीचा. दांडेवाल्यांना गूळ आणि चहा, तोही अंगणात उभ्या उभ्या. माझे मालक घरी यायचे तेव्हा त्यांच्या तळहातांना फोड आलेले असत. त्यांना तूप-हळद मी लावायची आणि पलीकडच्या खोलीत धाकटी नवा खण घडी घालून पेटीत ठेवायची. पेटीचं झाकण बंद झाल्याचा आवाज मला भिंतीतून यायचा. मी तूप जरा जोरानं चोळायची. ते म्हणायचे, "हाळू."

एकदा मी त्यांना म्हटलंच, "तुम्ही मोठा शेतस. तोटी तुम्हना हातमा पाह्यजे."

ते म्हणाले, "धार कोन्हा हातनी शे ते आगीले काय ठाऊक?"

आगीला ठाऊक नसेल, पण बायकांना ठाऊक होतं. हळदी-कुंकवाला गेलं की धाकटीला पाटावर बसवायचे आणि मला सतरंजीवर. "बंबवाल्याची बायको" म्हटलं की ती. मी कोण? तर तिची जाऊ. माझं वय जास्त, मान कमी, हे मला गिळता येत नसे. तिच्यात वाईट काही असतं तर बरं झालं असतं, निदान मला बोलता आलं असतं. ती प्रत्येक खण आधी मला आणून दाखवायची. "बाई, देख ना, कसा शे?" मी म्हणायची, "बरा शे," आणि चुलीत लाकूड सारायला वळायची.

आता पाण्याचं सांगते. त्या नळकांड्यांत वर-खाली होणारा दट्ट्या असतो आणि दट्ट्याला चामड्याची वाटी बसवलेली असते. चामडं ओलं असलं की ते नळकांड्याला घट्ट बसतं आणि पाणी रेटतं. वाळलं की आक्रसतं, मग बंब नुसता वारा ओढतो. सुरतेकडच्या दमट हवेत ते चालून गेलं असेल, पण आमच्याकडच्या उन्हाळ्यात संध्याकाळी अंगणात टाकलेलं ओलं धोतर पाणी पिऊन परत येईपर्यंत वाळतं. म्हणून रोज सकाळी एकेक घागर दोन्ही नळकांड्यांत ओतायची. याला आम्ही बंबाला पाणी पाजणं म्हणायचो. मुनसिपालटीच्या कागदावर ते काम कुणाच्याच नावावर नव्हतं. घरामागे बंब आणि घरात दोन सुना, मग कागद हवा कशाला?

आम्ही पाळ्या ठरवल्या होत्या. सोमवार, मंगळवार, बुधवार माझे. गुरुवार, शुक्रवार, शनिवार धाकटीचे. रविवारी पुरुषांची कवायत असायची, ते स्वतःच टाकी भरायचे. बंबाला कुंकू लागलेलं, म्हणून बाहेर बसलेल्या बाईनं त्याला शिवायचं नाही. माझे ते दिवस आले की माझी पाळी तिनं करायची आणि तिचे तेवढे दिवस मी नंतर भरून द्यायचे. तिचे आले की उलट. कुणाचे किती दिवस कुणाकडे निघतात, हे लक्षात ठेवायचं काम माझं. मी थोरली आणि चार इयत्ता शिकलेली, ती अक्षरशत्रू. मी सांगेन ती तिची पाळी. ती कधी उलट बोलली नाही.

एका वर्षी वैशाखात सोमवारी मी बाहेर बसले. अंगणाच्या कोपऱ्यात पोतं टाकून तीन दिवस. तिन्ही सकाळी धाकटी घागर घेऊन बंबखान्यात जायची आणि माझ्या पाळीचं पाणी पाजून यायची. मालक दारातच बसून नळीला ठिगळ लावत असायचे, त्यांना पाहून ती पदर पुढे ओढायची. बुधवारी दुपारी तिला ओटीचं बोलावणं आलं. पाच दिवसांपूर्वी एका घरचं कडब्याचं छप्पर पेटलं होतं, ते विझवल्याचं. परत आली ती थेट माझ्याकडे. हिरवा खण, लाल काठ, काठाला बारीक जर. असा खण मी आमच्या गावात पाहिला नव्हता. मला शिवायचं नव्हतं, म्हणून ती चार हात लांब उभी राहिली आणि दोन्ही हातांनी तो उलगडून धरला.

"बाई, देख ना. तुम्हना अंगले शोभी असता."

मी पोत्यावर बसलेली. मला हातही लावता येत नव्हता. ती भोळेपणानं म्हणाली, हे मला तेव्हाही कळत होतं. पण तो खण तिच्या हातात आणि मी खाली, कोपऱ्यात. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की मी तोंड फिरवून घेतलं. तिला वाटलं माझं पोट दुखतंय. तिनं ओव्याचा काढा करून लांबून सरकवला. मी तोही प्यायले.

त्याच संध्याकाळी मालक खापरला निघाले, नणंदेच्या घरी लग्न होतं. शनिवारी दुपारी परतणार होते. गुरुवारी सकाळी मी डोक्यावरून न्हाले. आता धाकटीचे तीन दिवस मी भरून द्यायचे होते, कारण माझे तिनं केले होते. मी घागर भरून उचलली, बंबखान्याच्या उंबऱ्यापर्यंत गेले. दार उघडंच होतं. आत दीर तोटीला चिंच लावून घासत बसले होते, शीळ घालत. पितळ नुसतं चमकत होतं. त्यांनी नळकांड्याकडे कधी डोळा वर करून पाहिलं नव्हतं, त्यांना फक्त तोटी. माझ्या मनात आलं, ज्याचा मान, त्याच्याच बायकोनं पाजावं पाणी. मी फुकट का राबू? मी मागे वळले आणि घागर वांग्यांच्या वाफ्यात ओतली.

शुक्रवारीही तसंच. त्या दिवशी मला जरा धाकधूक झाली होती. एक दिवस चुकला तर चालतं हे माहीत होतं, दोन चुकले तर चामडं कुरकुरतं हेही माहीत होतं. पण आग काय रोज लागते, असं मी स्वतःला सांगितलं. आणि खरं सांगायचं तर मनात आणखी एक विचार होता. रविवारच्या कवायतीत बंब वारा ओढेल, धार निघणार नाही, ओव्हरसियरसाहेब दिरांना चार शब्द सुनावतील. सगळ्यांसमोर त्यांची थोडी फजिती व्हावी, इतकंच मला हवं होतं. शनिवारी सकाळी मी घागर भरलीसुद्धा नाही.

शनिवारी दुपारी, मालक नुकतेच खापरहून येऊन हातपाय धूत होते, तेव्हा रुळाचा तुकडा वाजायला लागला. "आग लागनी! पळा रे, आग लागनी!" पलीकडच्या गल्लीत एका घरच्या चुलीतली ठिणगी गवती छपराला लागली होती. वारा सुटलेला. पुरुषांनी दोर लावून बंब ओढत नेला. विहिरीपासून माणसांची रांग लागली, बादलीमागून बादली टाकीत पडायला लागली. आम्ही बायका गल्लीच्या तोंडाशी उभ्या होतो. आठ जण दांड्याला भिडले, माझे मालक पुढच्या टोकाला. दांडे खाली-वर, खाली-वर. एरवी जी घुमघुम ऐकू यायची ती नव्हती. नुसता फसफस आवाज.

नळी फुगेना. दीर तोटी धरून उभे, तोटीतून थेंब नाही.

कुणीतरी ओरडलं, "पानी काब येस नही?"

दिरांना वाटलं नळीला कुठे पीळ पडला असेल, म्हणून ते नळी ताणत पुढे पुढे गेले, पार आगीच्या तोंडाशी. तेवढ्यात छपराचा एक जळता वासा खाली आला आणि त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. त्यांनी तोटी सोडली नाही. लोक मागून ओरडत होते. काही जण शिव्या देत होते. एक जण मोठ्यानं म्हणाला, कावळे उडवायला बरी येते याला धार. ते ऐकून मला, देव मला काय म्हणेल ते म्हणो, क्षणभर बरं वाटलं. एकच क्षण. मग माझी नजर आकडे घेऊन धावणाऱ्या माणसांकडे गेली, आता छपरं ओढून पाडायची वेळ आली होती.

चामडं भिजायला वेळ लागतो. टाकीतलं पाणी मुरून वाट्या फुगल्या तेव्हा कुठे बंबानं पाणी धरलं आणि धार आली. पण तोवर तीन घरं गेली होती. माणूस कुणी गेलं नाही, एवढं नशीब. वर्षाची ज्वारी गेली, एका घराची दुभती म्हैस गेली. त्या घरची बाई रडत नव्हती, जळक्या खुंट्याशी नुसती उभी होती. तिच्याजवळ जायचं धाडस मला झालं नाही. तिचं घर वाचलं असतं.

रविवारी सकाळी मालकांनी नळकांडी उघडली. चामड्याची वाटी बाहेर काढली आणि अंगणात आणून आमच्यासमोर धरली. आतून अजून कडक होती, कडेला चीर पडलेली. दीर खाटेवर बसलेले, हाताला तूप आणि फडकं. धाकटी माझ्या मागे, पदर नाकाच्या खाली आलेला.

आमच्याकडे धाकट्या सुनेनं जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, बोलायचं नाही. काही सांगायचं असेल तर ते थोरल्या जावेच्या कानात सांगायचं, आणि जावेनं ते मोठ्यानं पुढे सांगायचं. लग्न झाल्यापासून तिचा एक शब्दही माझ्या मालकांनी तिच्या तोंडून ऐकला नव्हता. जे ऐकलं ते माझ्या तोंडून.

त्यांनी विचारलं, "बंबले पानी कोन पाजी ऱ्हायनं व्हतं? कोन्ही बारी व्हती?"

धाकटी माझ्या कानाशी आली. तिचा श्वास गरम होता. "बाई, कोन्ही बारी व्हती व? तुम्हनी ना?"

मला खरं बोलायला एक क्षण मिळाला होता. ती विचारत होती, आरोप करत नव्हती. मी हळूच म्हटलं, "मन्ही कशी? गुरुवार-शुक्रवार-शनिवार तुन्हाच ना?"

"पन सोमवारथाईन मी तुम्हनं करं ना..."

"ते तू मांगला महिनानं फेडं. तू बाहेर बसनी व्हती, मी करं व्हतं. इसरनी का?"

मागच्या महिन्याचं तिनं केव्हाच फेडलं होतं. मला पक्कं माहीत होतं. तिनं पदराआड बोटांची पेरं मोजली. एकदा मोजली, परत मोजली. ती गोंधळली. मग तिचा हात खाली आला आणि ती हळूच म्हणाली, "मी इसरी गयी व, बाई." तिचा माझ्या मोजण्यावर तिच्या स्वतःच्या आठवणीपेक्षा जास्त विश्वास होता.

मी मोठ्यानं सांगितलं, "धाकटीनी बारी व्हती. इसरनी ती."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मग ती वाटी घेऊन ते बंबखान्यात गेले.

त्याच आठवड्यात मुनसिपालटीनं तोटी माझ्या मालकांच्या हाती दिली. दीर स्वतः ती घेऊन आले, डाव्या हातात. ती देऊन ते मालकांच्या जागी दांड्यावर गेले. गावात सांगायला कारण सोपं होतं, धाकट्याच्या बायकोनं हलगर्जी केली. हळदी-कुंकवाला धाकटीला आता सतरंजीवरही कुणी सरकून जागा देईना. तीन घरांच्या बायका तिला पाहिलं की बोलणं थांबवायच्या. जिची म्हैस गेली होती त्या बाईकडे ती रोज सारवण-लिंपण करायला जायची. मी सांगितलं नव्हतं, कुणीच सांगितलं नव्हतं. तिनंच स्वतःला लावून घेतलं होतं.

पावसाळ्याच्या आधी एका जिनातल्या सरकीच्या ढिगाला आग लागली आणि माझ्या मालकांनी ती विझवली. पाचव्या दिवशी मला बोलावणं आलं. पाटावर बसले. ओटीत खण पडला, किरमिजी रंगाचा, चांगला होता. मी किती वर्षं त्याची वाट पाहिली होती! घरी येऊन मी तो उलगडला. मालक जेवत होते. त्यांनी मान वर केली, पाहिलं आणि परत ताटाकडे वळले. ते उठून बाहेर गेल्यावर धाकटी मात्र दारातून धावत आली, तिनं खणावरून हात फिरवला आणि खरोखर आनंदानं म्हणाली, "बाई, आते कसं बरं वाटस!"

मला वाटलं होतं, मान मिळाला की माझं मन शांत होईल. तसं झालं नाही. एक दिवस आम्ही दोघी अंगणात मिरच्या खुडत बसलो होतो आणि मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, भाऊजी तुझ्यावर रागावले असतील नं? त्यांची तोटी गेली, हात भाजला.

ती हसली. डोळ्यांत पाणी होतं, मिरच्यांचं नव्हतं. "नही व, बाई. त्या माले काहीच बोलनात नही. त्या रोज मी त्यासना पाय धरात. त्या म्हनेत, उठ. मानूसच शे, इसरी जास. आते परत मनमा आनू नको." मग ती म्हणाली, "तवपासून माले नीट झोप लागस."

मी मान खाली घालून मिरच्या खुडत राहिले. माझे हात भाजत होते ते मला जाणवत नव्हतं. मला झोप लागत नव्हती.

कारण आमच्या घरात रोज सकाळी नळकांड्यांत घागर ओतल्याचा आवाज यायचा. तोटी मिळाली त्या दिवसापासून बंबाला पाणी पाजायचं काम मालकांनी स्वतःकडे घेतलं होतं. पहिल्या दिवशी मी घागर भरून निघाले तर त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. म्हणाले, "ऱ्हाऊ दे." मला वाटलं, धाकटीवर भरवसा नाही म्हणून. चार दिवसांनी मला कळलं. आगीच्या त्या आठवड्यात सोमवार, मंगळवार, बुधवार ते बंबखान्याच्या दारातच नळीला ठिगळ लावत बसले होते. धाकटी पदर ओढून घागर नेताना त्यांनी तिला पाहिलं होतं. मी कोपऱ्यात पोत्यावर बसलेली, हेही घरात सगळ्यांना दिसत होतं. गुरुवारपासून पाळी कोणाची, हे मोजायला त्यांना बोटांची पेरं लागली नसती. मी अंगणात मोठ्यानं बोलले तेव्हाच त्यांना सगळं कळलं होतं.

ते बोलले नाहीत. त्या दिवशी बोलले असते तर त्यांच्या बायकोचं नाव गेलं असतं, म्हणून गप्प बसले असतील. पुढे तरी बोलतील, चार शिव्या देतील, हात उगारतील, असं मला वाटायचं. मी वाट पाहायची. ते कधी रागावले नाहीत. फक्त तोटी हातात घेताना त्यांचं तोंड पडायचं आणि ओटीचा खण घरात आला की ते उठून बाहेर जायचे. मीही कधी त्यांच्या पायाशी गेले नाही. अनेकदा उंबऱ्यापर्यंत गेले आणि मागे वळले.

पुढे मोटारीचा बंब आला. त्याला रोज पाणी पाजावं लागत नव्हतं. जुन्याचा घुमट आणि तोटी मोडीत गेली. दीर गेले, मग धाकटी गेली. शेवटच्या आजारात तिनं माझा हात धरून सगळ्या आयांबायांसमोर सांगितलं की तिच्यामुळे तीन घरं जळाली, पण दिरांनी तिला पदरात घेतलं. मी तिच्या तोंडात पाणी घातलं आणि तेव्हाही बोलले नाही. दोन वर्षांनी माझे मालकही गेले, तसेच, गप्प.

खणांचा हेवा मला आता आठवूनसुद्धा वाटत नाही. आगगाडीचा नाही, पाटाचा नाही. धाकटीचा एकच हेवा अजून जात नाही. चूक माझी होती, आणि माफी तिला मिळाली.